जुना कॉम्प्युटर, नवं लिनक्स: विंडोज उडवण्याआधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये आपण एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून पाहिलं. व्हिडिओ बघताना सगळं सोपं वाटतं, पण स्वतःच्या मशीनसमोर बसलं की हात थबकतो. म्हणून हा लेख. हा समोर ठेवा, एकेक पायरी टिक करत जा आणि मगच पुढे सरका.

विषय निघाला बॅचमधल्या एका ताईंमुळे. त्यांचा घरगुती पापड-लोणच्यांचा व्यवसाय आहे. लॅपटॉप २०१५ सालचा, ४ जीबी रॅम, आत जुनी हार्ड डिस्क. सकाळी चालू केला की चहा होईपर्यंत स्क्रीन येत नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "यावर विंडोज ११ बसणार नाही, नवीनच घ्या." ताई मला म्हणाल्या, "सर, नवीन लॅपटॉपला ३५ हजार लागतील. तेवढ्यात माझं पॅकिंगचं मशीन येतं. काय करू?"

धंद्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ३५ हजार कुठे घालायचे, याचं उत्तर घाईत देऊ नये. पॅकिंगचं मशीन रोज माल बाहेर काढतं. लॅपटॉपवर ताई काय करतात? बिलं, ऑर्डरची यादी, ईमेल, व्हॉट्सॲप वेब आणि महिन्यातून एकदा जीएसटी पोर्टल. एवढ्या कामाला जुनं मशीन पुरतं का, ते आधी तपासू.

अडचण नेमकी काय आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच बंद झाला होता. सपोर्ट बंद झाला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात आणि त्या बुजवणारे अपडेट्स येत नाहीत. ज्या मशीनवरून आपण बँकेत लॉगिन करतो, त्या मशीनचं असं असेल तर धोका आपल्याच पैशाला आहे.

मग विंडोज ११ का टाकू नये? कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्या अटीत बसत नाहीत. वर्षभरासाठी विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट्स घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली, तिची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे प्रश्न पुढे ढकलला, सुटला नाही.

तिसरा रस्ता म्हणजे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये याची सुरुवात केली, आणि आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही याच्याच पायावर चालतो. लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत. आपण निवडलाय लिनक्स मिंट, कारण त्याचा चेहरा विंडोजसारखा आहे. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, डेस्कटॉपवर फोल्डर. शिवाय तो अधिकृतरीत्या मोफत आहे. क्रॅक केलेल्या विंडोजवर धंदा चालवणाऱ्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, म्हणजे बदल केलात तर काही वर्षं निश्चिंत.

लिनक्स कोणी टाकू नये?

हे आधी सांगतो, कारण मोफत म्हटलं की आपण लगेच उडी मारतो.

१. तुमचं सगळं अकाउंट टॅलीमध्ये असेल तर थांबा. टॅली हा विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर वाइन नावाच्या सोयीतून काही विंडोज प्रोग्रॅम चालतात, पण ज्यावर तुमचा हिशोब उभा आहे तो प्रोग्रॅम अशा जुगाडावर ठेवू नका.

२. मराठी डीटीपीचं काम श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर करत असाल, किंवा फोटोशॉप, कोरलड्रॉवर पोट असेल, तर विंडोजच ठेवा.

३. डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचा टोकन, नेहमी लागत असेल तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे विकणाऱ्याला आधी विचारा. प्रोप्रायटर म्हणून जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांना मोबाईलवरच्या ओटीपीने काम होतं, त्यांना ही काळजी नाही. प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपीवाल्यांना डीएससी लागतो.

४. एक्सेलमध्ये मॅक्रो घातलेल्या मोठ्या शीट असतील तर त्या लिब्रेऑफिसमध्ये जशाच्या तशा चालतील असं धरून चालू नका. साध्या बेरजा, टक्के, फिल्टर यांना अडचण येत नाही.

यातलं काही तुम्हाला लागू असेल तर घरातलं एक मशीन विंडोजवर ठेवा आणि दुसरं लिनक्सवर न्या. सगळं एकदम बदलायलाच हवं असा काही नियम नाही.

मशीनची तब्येत बघा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की रॅम किती आणि डिस्क कोणती ते दिसतं. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर आरामात चालतं. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते, पण कामाच्या मशीनला १०० जीबी धरा.

मिंटच्या तीन आवृत्त्या आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ४ जीबी किंवा कमी रॅम असेल तर एक्सएफसीई घ्या, ती सर्वांत हलकी आहे. ८ जीबी असेल तर सिनॅमन घ्या, ती दिसायला छान आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. लिनक्स टाकलं म्हणून ४ जीबीचं मशीन १६ जीबीचं होत नाही. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडलेत तर तेही हँग होईल. जुन्या लॅपटॉपला सर्वांत मोठा फरक पडतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्याने. नवीन लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक मॉडेलमध्ये हे काम थोड्या वेळात होतं. या एसएसडीचा आणखी एक मोठा फायदा आहे, तो पुढे येतोच.

माझी चूक, म्हणजे तुम्ही ती करणार नाही

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ओळखीच्या एका स्टेशनरी दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला बसलो. नवीन नवीन शिकलो होतो, दाखवायची हौस होती. मी विचारलं, "दादा, बॅकअप आहे ना?" ते म्हणाले, "सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. सी उडवा बिनधास्त."

आपल्याकडे ही सवय सगळ्यांना आहे. विंडोज बिघडलं की दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो आणि डी तसाच राहतो. त्यामुळे डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी अशी समजूत झाली आहे. मीही तेच धरून चाललो. इन्स्टॉल करताना पर्याय आला, 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट'. मी तो निवडला आणि पुढे गेलो.

सी, डी, ई हे वेगवेगळे डबे नसतात. ते एकाच डिस्कचे पाडलेले कप्पे असतात. 'इरेज डिस्क' म्हणजे पूर्ण डिस्क साफ, सगळे कप्पे पुसून. दादांची उधारीची यादी, शाळांच्या ऑर्डरी, मुलीच्या बारशाचे फोटो, सगळं गेलं. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून काही फाइल परत मिळाल्या, पण नावं नसलेल्या, अर्धवट. उधारीची यादी त्यांनी जुन्या वह्यांवरून आणि गिऱ्हाइकांना विचारून पुन्हा तयार केली. ज्यांनी "मी तर दिले होते" म्हटलं, त्यांचं काय करणार? दादा मला एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

म्हणून नियम एकच. डेटा या मशीनच्या बाहेर, दुसऱ्या जागी, उघडून तपासलेला असल्याशिवाय इन्स्टॉलच्या बटणाला हात लावायचा नाही.

हे दोन प्रकारे करता येतं.

पहिला प्रकार: एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, बिलिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, सगळं. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-सहा फाइल उघडून बघा. फोल्डर दिसला म्हणजे बॅकअप झाला असं नाही, फाइल उघडली म्हणजे झाला.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, आणि एसएसडीचा दुसरा फायदा तो हाच. जुनी हार्ड डिस्क मशीनमधून बाहेर काढा, तिच्या जागी नवीन एसएसडी बसवा आणि लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर टाका. जुनी डिस्क विंडोज आणि सगळ्या डेटासकट कपाटात राहते. चुकून काही झालं तर स्क्रू उघडायचे, जुनी डिस्क परत लावायची आणि दुकान चालू. साटा ते यूएसबी केबलने त्या डिस्कवरच्या फाइल लिनक्समध्येही उघडतात. फक्त डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, आणि डिस्क काढण्याआधी शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपेत न राहता पूर्ण बंद होईल.

पेनड्राइव्ह तयार करणं

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा रिकामाच घ्या.

मिंटची आयएसओ फाइल फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरून, लिनक्समिंट डॉट कॉमवरून उतरवा. फाइल साधारण ३ जीबीची आहे. उतरवल्यावर तिची चेकसम साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवून बघा. चेकसम म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. हे उगीच सांगत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये हॅकर्सनी मिंटच्या साइटमध्ये घुसून लोकांना बदललेल्या फाइलकडे वळवलं होतं. मिंटच्या टीमने ते लगेच जाहीर केलं आणि दुरुस्त केलं, पण धडा कायमचा आहे. व्हिडिओत विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर हा ठसा कसा काढायचा ते दाखवलंय.

मग बलेना एचर हा मोफत प्रोग्रॅम उघडा. फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, फ्लॅश म्हणा. झालं. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, ही चूक बरेच जण करतात.

आधी चालवून बघा, मग बसवा

पेनड्राइव्ह लावून मशीन रीस्टार्ट करा आणि सुरू होतानाच बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. यादीतून यूएसबी निवडा. थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप येईल.

याला लाइव्ह सेशन म्हणतात. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतंय, तुमच्या डिस्कला अजून हात लागलेला नाही. इथे घाई करू नका. अर्धा दिवस काढा आणि दुकानाचं काम करून बघा:

– वाय-फाय लागतो का? नाही लागला तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंगने इंटरनेट घ्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा.
– आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेस ठीक आहे का?
– प्रिंटर जोडा आणि खरं बिल छापा. एचपीचे बरेच प्रिंटर सहज ओळखले जातात. काही जुने लेझर प्रिंटर आणि थर्मल प्रिंटर मात्र कंपनीचा खास ड्रायव्हर मागतात. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.
– तुमच्या दोन-तीन खऱ्या एक्सेल फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडा. बेरजा जुळतात का बघा.
– जीएसटी पोर्टल, बँक, उद्यम पोर्टल, व्हॉट्सॲप वेब उघडून बघा. ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात. जीएसटीचं ऑफलाइन रिटर्न टूल मात्र विंडोजसाठी आहे, ते वापरत असाल तर आपल्या सीएंशी आधी बोला.
– जुन्या मराठी फाइल उघडा. युनिकोडमध्ये टाइप केलेलं नीट दिसेल. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर अगम्य चिन्हं दिसतील, ती फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल.

लाइव्ह सेशन हळू चालतं, कारण पेनड्राइव्ह हळू असतो. वेगावरून मत बनवू नका, कामं होतात का एवढंच बघा. एखादं महत्त्वाचं काम अडलं तर मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं आहे. खर्च शून्य.

आता बसवूया

दिवस नीट निवडा. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर ११ तारीख जीएसटीआर-१ ची आणि २० तारीख ३बी ची, त्याच्या आसपास हे काम काढू नका. दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना तर अजिबात नाही. चार्जर लावून ठेवा.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' या चिन्हावर डबल क्लिक करा. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकोनात टिक करा, म्हणजे व्हिडिओ आणि गाणी नीट चालतील.

मग येतो तो स्क्रीन, ज्यावर मी चुकलो होतो. तीन पर्याय दिसू शकतात:

अलाँगसाइड – विंडोजही राहील आणि मिंटही येईल. चालू करताना विचारेल, कोणतं हवं. डिस्कवर भरपूर जागा असेल आणि मनात धाकधूक असेल तर हा घ्या. तरीही बॅकअप हवाच, कारण कप्पे हलवताना वीज गेली तर दोन्ही जातात.

इरेज डिस्क – पूर्ण डिस्क साफ. सी, डी, ई सगळं. कोऱ्या एसएसडीवर हाच पर्याय सर्वांत सोपा आणि सुरक्षित. डेटा असलेल्या डिस्कवर, बॅकअप उघडून तपासला असेल तरच.

समथिंग एल्स – कप्पे स्वतः ठरवायचे. पहिल्यांदा करत असाल तर याच्या वाटेला जाऊ नका.

पुढे जायच्या आधी कोणत्या डिस्कचं नाव आणि किती जीबी लिहिलंय ते मोठ्याने वाचा. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून वाचून दाखवलंत तर आणखी बरं.

यानंतर ठिकाण म्हणून कोलकाता दिसेल, गोंधळू नका, भारताची वेळ त्याच नावाने असते. नाव आणि पासवर्ड द्या. हा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, प्रत्येक अपडेटला तो लागतो. इन्स्टॉल झालं की रीस्टार्ट करा, सांगितल्यावर पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

पहिल्या दिवशीची पाच कामं

१. अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट्स घ्या.

२. टाइमशिफ्ट चालू करा. काही बिघडलं तर सिस्टीम आदल्या दिवसासारखी करता येते. पण टाइमशिफ्ट सिस्टीम सांभाळतं, तुमची बिलं नाही. बिलांचा बॅकअप वेगळा घ्यायचा.

३. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही प्रकार मिळतात.

४. प्रिंटर लावून एक बिल छापा.

५. लिब्रेऑफिसच्या सेटिंगमध्ये फाइल नेहमी एक्सेलच्या स्वरूपात सेव्ह होईल असं ठेवा. नाहीतर सीएंचा फोन येईल, "ताई, फाइल उघडत नाही." बिल पाठवायचं असेल तर पीडीएफ करायची सोय आतच आहे.

आणि हो, लिनक्स आहे म्हणून ओटीपी कुणाला सांगायचा नाही हा नियम बदलत नाही. फसवणूक माणसाची होते, मशीन कोणतंही असो.

ताईंचं काय झालं?

त्यांनी एसएसडी घेतली, जुनी डिस्क काढून कापडात गुंडाळून डब्यात ठेवली आणि मिंट एक्सएफसीई टाकलं. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन आला, एकदा प्रिंटरसाठी आणि एकदा फाइल कुठे सेव्ह झाली म्हणून. आता येत नाही. पॅकिंगच्या मशीनचा ॲडव्हान्स त्यांनी दिलाय. आणखी दोन वर्षांनी धंदा वाढल्यावर नवीन लॅपटॉप घ्यावाच लागेल, पण तेव्हा तो धंद्याच्या कमाईतून येईल.

तुमचा गृहपाठ

या रविवारी फक्त तीन गोष्टी करा. एका कागदावर तुम्ही कॉम्प्युटरवर करता ती सगळी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे 'ब्राउझरमध्ये होतं' की 'विंडोजचा प्रोग्रॅम लागतो' ते मांडा. मशीनची रॅम आणि डिस्क बघून त्याच कागदावर लिहा. आणि बॅकअप घ्या, दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. लिनक्स टाका किंवा टाकू नका, हा तिसरा धडा कधीच वाया जात नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओमध्ये. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब लिहीत राहा.